विषय: वाचनालयाची खोकी, जरा थांबा

मंडळी, नमस्कार.
सध्या मुक्काम गावी, दापोलीपासून अर्ध्या तासावर. जुन्या पुस्तकांची खोकी अमेरिकेतून इथल्या वाचनालयाला पाठवायचा ठराव आपण मंडळात मार्चमध्ये केला, अनुमोदन माझंच होतं. तो मागे घ्यावा म्हणून लिहितेय.

परवा वाचनालयात गेले तर नववी-दहावीची सहा पोरं कपाट उपसून फरशीवर बसलेली. ग्रंथपाल बाईंनी सुट्टीपुरती किल्लीच त्यांच्याकडे दिलीय. पाऊस लागायच्या आत पुस्तकं उन्हात घालायची, कसर झटकायची, सुटलेली पानं शिवायची. एक ढीग रद्दीचा, आणि त्यात मागल्या खेपेचं आपलंच दान: कॅलिफोर्नियाचा आयकर कसा भरावा, विंडोज ९८ शिका. लाज वाटली.

तुम्हाला काय हवंय, असं विचारलं. एक मुलगी म्हणाली, "काकी, आधी वेळ बदला. आमची एसटी साडेपाचला येते नि वाचनालय बंद होतं तेही साडेपाचलाच." पुस्तकांची यादी वहीत तयार होती: पोलीस भरती, नर्सिंगची प्रवेश परीक्षा, माशांची चित्रं असलेलं काहीतरी, भुताच्या गोष्टी. (कोकणात भुतं कमी पडली का?)

— दापोलीची माहेरवाशीण

---

ताई,
रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ ला पाणी शिरलं, २०२१ ला परत शिरलं, तरी माणसांनी पुस्तकं जपली. आणि आपण रद्दी कुठली ते ठरवायचं काम पंधरा वर्षांच्या पोरांवर सोपवायचं? उद्या जुने बांधीव अंक किलोवर जातील आणि कपाटात गाईडं येतील. यादी जाणत्यांनी करावी, पोरांनी पुस्तकं झटकावीत.

— तुमचे रत्नागिरीकर काका

---

काका, माझा मुलगा इथे न्यू जर्सीत लायब्ररीच्या टीन ॲडव्हायझरी बोर्डावर, म्हणजे पोरांच्या सल्लागार मंडळावर आहे. महिन्याला एक बैठक, पुस्तकं सुचवायची, लहानांना वाचून दाखवायचं. खोटं कशाला बोलू, गेला तो कॉलेजच्या अर्जात सेवेचे तास दाखवायला. टिकला मात्र वेगळ्याच कारणाने: या मुलांनी कोपऱ्यातलं मोठं टेबल मागितलं आणि ते खरंच आलं. नुसतं झटकायला बोलावलं असतं तर दुसऱ्या महिन्यात घरी बसला असता. गावच्या पोरांना तर प्रमाणपत्राचीही आशा नाही.

— एडिसनहून

---

ठराव बदलण्याआधी माझंही ऐका. पुस्तकांऐवजी पैसे म्हणाल, तर मंडळाच्या खात्यातून एक डॉलरही परस्पर जाणार नाही. भारताच्या २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याप्रमाणे घेणाऱ्या संस्थेकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. वाचनालयाकडे दोन्ही नाही, मी फोन करून विचारलं. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत, स्वतःच्या नावाने द्यावं. ओसीआय कार्डवाल्यांनी, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनी, हळहळावं. मीही त्यांतलाच.

— कोषाध्यक्ष

---

काका, तुमचा मेल पोरांना वाचून दाखवला. चिडली. मग रद्दीचा ढीग गुपचूप पुन्हा उपसला, तर एका मासिकाचं बांधीव वर्ष निघालं. मुखपृष्ठ नव्हतं म्हणून टाकलेलं. आता ते वेखंडाच्या पुरचुंडीसह वरच्या कप्प्यात आहे. तेव्हा रद्दीवर शेवटची नजर बाईंचीच असेल, हे मान्य. नव्या पुस्तकांच्या यादीला मात्र हात लावू नका. गाईडं वाचायला येणारा पोरगा निदान दारातून आत तरी येतो.

वाचनालयाच्या कार्यकारिणीच्या बैठकीला पोरांपैकी दोघांना बसू देणार आहेत. बोलायची मुभा आहे, मताचा अधिकार नाही. पुढलं पुढे. शाळा सुरू झाली की वेळ साडेसातपर्यंत, चार महिने करून बघू म्हणतात. अडचण दिव्यांची. पावसात वीज गेली की इथे काही खरं नाही. इन्व्हर्टर आणि बाईंच्या जादा दोन तासांचं मानधन, एवढंच पुरे. भारतीय पासपोर्टवाले तिघे पुढे आलेत. खोकी नकोतच.

माशांचं पुस्तक दापोलीत एक मिळालं, पण पोरं नाराज. त्यात सौंदाळे नाहीत, आणि जे आहेत त्यांची नावं इथे कोणी घेत नाही. मग त्यांनीच कोरी वही काढलीय. उद्या हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाला जाऊन एकेका माशाचं चित्र काढायचं नि कोळणींना विचारून खाली नाव लिहायचं. मला रंगीत खडू आणायला पिटाळलंय, निघते.

— दापोलीची माहेरवाशीण