फॉन्टच्या चौकटीत नाव 'मंगल', पानावर अक्षरं मात्र दुसरीच – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून ओव्यांचा संग्रह तयार करतोय. फाइल डॉक्सएक्स (वर्डची नेहमीची), मजकूर मंगल या देवनागरी फॉन्टमध्ये. माझ्याकडे विंडोजवर वर्ड, एका सहकाऱ्याकडे लिनक्सवर लिबरऑफिस, तिसरीकडे विंडोज 11 चा नवा लॅपटॉप.

माझ्याकडे एका ओळीत नीट बसणाऱ्या ओवीचा शेवटचा शब्द त्यांच्याकडे खालच्या ओळीत उतरतो. असं होत होत पानं वाढतात आणि शब्दसूचीतले पृष्ठक्रमांक कुठलेच जुळत नाहीत. ओवीची ओळ मध्येच तुटली की वाचणाऱ्याची लय जाते, म्हणून हे मला फार खुपतंय.

गोंधळ असा की फॉन्टच्या चौकटीत तिघांकडेही नाव 'मंगल'च आहे. लिबरऑफिसमध्ये ते तेवढं तिरप्या अक्षरांत दिसतं. पण 'ल' आणि 'श' यांची वळणं सरळसरळ वेगळी आहेत. वर्डमध्ये सेव्हच्या पर्यायांत 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल'वर (म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच घालून देण्यावर) खूण करून पाठवलं, तरी फरक नाही.

प्रत्यक्षात कुठला फॉन्ट वापरला जातोय हे कसं ओळखायचं? आणि तिघांना एकसारखं पान दिसायला काय करावं? संपादन चालू आहे, त्यामुळे नुसती पीडीएफ पाठवून भागणार नाही.

प्रतिसाद १

तिरपं नाव म्हणजे हा फॉन्ट या संगणकावर नाही, अशी लिबरऑफिसची खूण. फॉन्ट एम्बेड केलेला नसेल तर फाइलमध्ये त्याची अक्षरं नसतात, फक्त नाव आणि थोडं वर्णन असतं. फॉन्ट सापडला नाही तर प्रोग्रॅम नाव तसंच ठेवतो आणि अक्षरं दुसऱ्या फॉन्टची काढतो. डॉक्सएक्स ही खरं तर झिप फाइल, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं असते. ती उघडलीत तर आत 'फॉन्टटेबल' नावाची फाइल दिसेल. त्यात प्रत्येक फॉन्टचं कुळ, रुंदीचा प्रकार, लिपी आणि पॅनोज हा दहा आकड्यांचा वर्णनसंच असतो. जवळचा फॉन्ट निवडायला हीच माहिती उपयोगी पडते.

पण दिसायला जवळचा म्हणजे मापाने तेवढाच, असं नाही. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो किंवा एरियलच्या जागी लिबरेशन सॅन्स आला तर ओळी हलत नाहीत, कारण त्यांची अक्षरं मुद्दाम त्याच रुंदीची केलेली आहेत. मंगलच्या मापाचा असा जोडीदार माझ्या पाहण्यात नाही. त्यात मंगलची ओळ उंच. तिथे दुसरा फॉन्ट आला की ओळींमधलं अंतरही बदलतं.

खरा फॉन्ट ओळखायचा तर त्याच संगणकावर पीडीएफ काढा आणि तिच्या प्रॉपर्टीजमधला फॉन्ट्स हा भाग बघा. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड इथे 'फॉन्ट सब्स्टिट्यूशन'चं बटण आहे. तिथे हरवलेला फॉन्ट आणि त्याची बदली समोरासमोर दिसते. 'कन्व्हर्ट परमनंटली' मात्र दाबू नका, त्याने फाइलमधलं मूळ नावच बदलतं.

धागाकर्ता

खूप आभार! पीडीएफमध्ये लिनक्सवर लोहित देवनागरी निघाला, नव्या लॅपटॉपवर निर्मला यूआय. पण विंडोज असून मंगल नाही, हे कसं?

प्रतिसाद २

विंडोज 10 पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या ऐच्छिक भागात गेले. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून तो भाग घातला की मंगल येईल.

एम्बेडचं म्हणाल तर त्याखालच्या 'डू नॉट एम्बेड कॉमन सिस्टिम फॉन्ट्स'वर खूण आहे का बघा. ती असेल तर विंडोजचे नेहमीचे फॉन्ट फाइलमध्ये जातच नाहीत. तुमचं बहुधा तिथेच अडलंय. 'फक्त वापरलेली अक्षरं' हाही पर्याय काढा, नाहीतर दुसऱ्याने नवं जोडाक्षर टाइप केलं की ते फाइलमधल्या फॉन्टमध्ये नसेल.

तरी माझं स्पष्ट मत: तिघांनी नोटो सेरिफ देवनागरीसारखा खुल्या परवान्याचा फॉन्ट घ्या आणि तिघांकडे एकच आवृत्ती बसवा. बदल स्टाइलमध्ये (मजकुराच्या ठरवून ठेवलेल्या साच्यात) करा. लिबरऑफिसमध्ये तो 'सीटीएल' (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) फॉन्टच्या रकान्यात करायचा, कारण देवनागरी तिथून घेतली जाते; वेस्टर्न रकान्यात बदललात तर मराठी मजकूर जागचा हलणार नाही. पृष्ठक्रमांक त्यानंतरच पक्के करा.