विषय: कोलंबस, शुक्रवार रात्रीची सोय (तातडीचं)

नीलिमा, सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

ऐनवेळी लिहितेय, समजून घ्या. आमच्या सईची कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठाची टेनिस रिक्रूटिंगची व्हिजिट (कोच भावी खेळाडूंना भेटतात ती) या शनिवारी ठरली. अनऑफिशियल आहे, म्हणजे सगळा खर्च आपला. कोच सकाळी दहाला भेटणार. नेमका त्याच दिवशी फुटबॉलचा होम गेम. हॉटेलवाले दोन रात्रींच्या खाली खोली द्यायला तयार नाहीत, आणि जो भाव सांगतात त्यात माझं पुण्याचं जायचं तिकीट निघेल. इथून मिशिगनच्या नोव्हायहून पहाटे निघालो तरी पोचू, पण साडेतीन तास गाडीत बसून आलेल्या मुलीचा चेहरा कोचसमोर कसा दिसतो ते मागच्या वेळी पाहिलंय.

शुक्रवार रात्रीपुरती कोणाची ओळख आहे का? आम्ही तिघं, मी, सई आणि तिचे बाबा श्रीकांत. अंथरुणं आमची आम्ही आणू.

सुहासदादा, तुम्ही अजून आपल्या मराठी मंडळाची ही ईमेल लिस्ट वाचता का?

मंजिरी, शनिवारच्या तालमीला सई नाही.

नीलिमा

सुहास, सोमवार, रात्री १०:०५

वाचतो म्हणजे काय! कोलंबसला येऊन नऊ वर्षं झाली, पण इथल्या मंडळापेक्षा तुमची भांडणं जास्त रंगतात.

अगं, विचारायचं काय त्यात? सरळ घरी या. अंथरुणं कसली आणतेस, वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. शुक्रवारी रात्री उशीर झाला तरी चालेल, पिठलं-भात तयार असेल. सकाळी मी सईला कोर्टापर्यंत सोडतो, त्या दिवशी पार्किंग तुम्हाला सापडणार नाही. आणि माझ्याकडे सीझनची दोन तिकिटं आहेत. सई आणि श्रीकांतने गेम बघावा. एक लाखाच्या वर माणूस बसतं त्या स्टेडियमात, एकदा तो आवाज ऐकला की पोरगी मिशिगन विद्यापीठाचं नाव काढणार नाही.

सुहास

मंजिरी, सोमवार, रात्री १०:३०

> शनिवारच्या तालमीला सई नाही

नीलिमा, लेझीमच्या दुसऱ्या रांगेत आता सहाच उरल्या. ऋचाचा पाय, अन्वीची एसएटी परीक्षा, आणि आता हे. दिवाळीचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर आलाय. पालकांनी निदान दोन आठवडे आधी कळवायचं असं गणपतीनंतरच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं. मी काय रांगेत खुर्च्या उभ्या करू?

प्रशांत, मंगळवार, सकाळी ६:५०

नीलिमा, सुहास, थांबा. काहीही कबूल करू नका.

सुहास, सीझन तिकिटं मिळावीत म्हणून तू दरवर्षी त्यांच्या अॅथलेटिक्सच्या फंडाला देणगी देतोस ना? मागे पिकनिकला तूच सांगत होतास. मग एनसीएएच्या (कॉलेजातल्या खेळांचे नियम करणारी संस्था) लेखी तू बूस्टर झालास, म्हणजे कॉलेजच्या खेळांना पैशाचं पाठबळ देणारा. बूस्टरने रिक्रूटला, म्हणजे कॉलेज ज्याला संघात घेऊ बघतं त्या खेळाडूला, फुकट राहायला, जेवायला, गाडीने सोडायला, तिकिटं द्यायला बंदी आहे. तुझ्या एका ईमेलमध्ये चारही आहेत.

दंड तुला नाही, सईला. कॉलेजकडून खेळायची तिची पात्रता अडकते. छोटी रक्कम असेल तर तेवढे पैसे एखाद्या धर्मादाय संस्थेला भरून सुटका होते, पण नावावर प्रकरण राहतं. आणि बूस्टर एकदा झालास की कायमचा. यंदा देणगी बंद केलीस तरी शिक्का पुसत नाही.

अनऑफिशियल व्हिजिटला कॉलेजकडून फार तर होम गेमची तीन तिकिटं मिळतात. ती कोचकडून मागून घ्या, तुम्ही तिघंच आहात.

प्रशांत

सुहास, मंगळवार, सकाळी ७:१५

मी बूस्टर? मला वाटलं तो दंडात घेतात.

अरे, वर्षाला काही डॉलर देतो तेव्हा कुठे कोपऱ्यातल्या दोन सीटा मिळतात. त्यात मी सईला कॉलेजकडे ओढणारा दलाल झालो? तिच्या बारशाला पाळणा आमच्या घरून गेला होता. तेव्हा ती टेनिस खेळत नव्हती, प्रशांत.

अमोल, मंगळवार, सकाळी ९:२०

हे म्हणजे हद्द आहे. २०२१ च्या जुलैपासून खेळाडू जाहिरातींचे पैसे उघड घेतात. २०२५ मध्ये कोर्टाने तडजोड मंजूर केली, आता एकेक विद्यापीठ वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर खेळाडूंत थेट वाटू शकतं. आणि आपण सुहासदादांच्या गादीवर काथ्याकूट करतोय? कोण येणार आहे पिठलं मोजायला?

प्रशांत, मंगळवार, सकाळी ९:४१

अमोल, ते पैसे दाखल झालेल्या खेळाडूला, करार करून, नोंद ठेवून मिळतात. त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलला जाणार हे तुलाही माहीत आहे. सई अजून शाळेत आहे. भेटींचे नियम आपल्या जागी तसेच आहेत. एक दार उघडलं म्हणून दुसऱ्यातून आत जाता येत नाही.

आणि त्याच तडजोडीमुळे टेनिसचं गणित बदललंय ते कोणी बोलत नाही. आधी मुलींच्या संघाला आठ शिष्यवृत्त्या होत्या, मुलांच्या साडेचार. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत आता शिष्यवृत्तीवर मर्यादा नाही, पण संघात खेळाडूच दहा. त्या दहात युरोपातून, दक्षिण अमेरिकेतून आलेल्या मुली किती असतात ते त्यांच्या वेबसाइटवर जाऊन बघा. म्हणून जी जागा आहे ती क्षुल्लक कारणाने घालवू नये, एवढंच म्हणणं.

कल्पना, मंगळवार, दुपारी १२:१०

प्रशांत, बरं झालं विषय काढलास. आमच्या मोठीच्या वेळी हे सांगणारं कोणी नव्हतं. तिने दहावीत असताना चाळीस कोचना ईमेल केले, प्रत्येकाला वेगळा, व्हिडिओ जोडून. उत्तर आलं ते फक्त कॅम्पच्या माहितीपत्रकांचं. पोरगी रडून लाल. मी तिला म्हणाले, तुझा बॅकहँड सुधार. मग कळलं की बहुतेक खेळांत दहावी संपल्यावरच्या १५ जूनपर्यंत कोचला उत्तर द्यायचीच मुभा नाही! माझा तो बॅकहँडचा शेरा ती आजही काढते. पुढे कोविड आला, २०२० च्या मार्चपासून २०२१ च्या मे अखेरपर्यंत डिव्हिजन वनमध्ये (सर्वांत वरचा गट, ओहायो स्टेट त्यातलंच) सगळाच डेड पीरियड, म्हणजे कोचची समोरासमोर भेट बंद. कॅम्पस आम्ही गाडीतून बाहेरून पाहिले, सरकारी बंगला बघावा तसे.

आता धाकटा दहावीत आहे. नीलिमा, तुझ्या गाडीत एक जागा असेल तर तो येऊ दे का? मुलांच्या कोचला नुसता हात मिळवून येईल.

प्रशांत, मंगळवार, दुपारी १२:३५

नको, कल्पना. टेनिसला अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून भेट. त्याआधी त्याने अॅडमिशन ऑफिसची टूर करावी, गेम बघावा, आइस्क्रीम खावं. कोचबरोबर ठरवून भेट नाही.

कल्पना, मंगळवार, दुपारी १२:५०

हात मिळवायलाही नियम. आपल्याकडे पोराला मास्तरांच्या पाया पडायला नेतात.

विद्याताई, मंगळवार, दुपारी २:००

सर्वांना विनंती. ही लिस्ट मंडळाचे कार्यक्रम, सूचना आणि निधन-वार्ता यांसाठी आहे. कॉलेज प्रवेशासाठी वेगळा ग्रुप करावा असं मी श्रीखंड प्रकरणाच्या वेळीही सुचवलं होतं. शिवाय राहण्याची सोय मागणाऱ्यांसाठी आपली जुनी पाहुणचार यादी आहे, ती माझ्याकडे असते. आधी मला विचारायचं.

विद्याताई

अमोल, मंगळवार, दुपारी २:२०

विद्याताई, तुम्ही नकळत तोडगा काढलात! मंडळाची पाहुणचार यादी सगळ्यांसाठी आहे. मागच्या वर्षी अहिल्यानगरची भजनी मंडळी राहिली, त्याआधी कोणाचा तरी एमएस करणारा भाचा. त्यांच्यात कोणी टेनिस खेळत नव्हतं. मग सईला मिळतंय ते खेळाडू म्हणून नाही, मराठी म्हणून. जे सगळ्यांना मिळतं ते तिला का नको?

प्रशांत, मंगळवार, दुपारी ३:०५

मुद्दा बरोबर आहे, हे मी कबूल करतो. खेळाशी संबंध नसलेल्या सर्वांना जी सवलत मिळते ती खेळाडूला घेता येते. जुनी ओळख असेल, तुमच्यात देणंघेणं आधीपासूनचं असेल, तर तेही धरतात. पण हे ठरवणारे आपण नव्हे. प्रत्येक विद्यापीठाच्या अॅथलेटिक्समध्ये नियम पाळले जातात ना ते बघणारं कम्प्लायन्स ऑफिस असतं, तिथे आधी विचारायचं, लेखी. नीलिमा, आजच ईमेल कर.

विद्याताई, मंगळवार, दुपारी ३:३०

नगरची मंडळी माझ्याकडे राहिली होती, यादीतून नाही. नोंद असावी.

नीलिमा, मंगळवार, रात्री ८:५५

ईमेल केला. दुपारी फोनच आला. बाई चांगल्या बोलल्या, पण प्रश्न! सुहासदादांना तुम्ही कधीपासून ओळखता? मुलगी स्पर्धांत उतरली त्याआधी की नंतर? याआधी त्यांच्याकडे राहिला आहात का? ते तुमच्याकडे राहिलेत का? तुम्ही त्यांना काय देता, ते तुम्हाला काय देतात? आणि शेवटी, ते तुमचे नातेवाईक आहेत का?

मी म्हटलं, सई त्यांना काका म्हणते. त्या म्हणाल्या, म्हणजे वडिलांचे भाऊ. मी म्हटलं, नाही. मग आईचे? नाही. मग काका कसे? आता हे ईमेलात लिहून द्यायचंय उद्या सकाळपर्यंत.

अमोल, मंगळवार, रात्री ९:०२

हो म्हणून टाक, चुलतभाऊ. कोण तपासतंय.

प्रशांत, मंगळवार, रात्री ९:०४

अजिबात नाही. खोटं लिहिलं की साधी गोष्ट मोठी होते. आहे तेच लिहा.

सुहास, मंगळवार, रात्री ११:४०

नीलिमा, मी माझ्या बाजूने मसुदा करून ठेवलाय, श्रीकांतला वाचून दाखव आणि इंग्रजीत कर.

"२००५ ते २०१६ आम्ही नोव्हायमध्ये एकाच इमारतीत, समोरासमोर राहत होतो. सईचा जन्म झाला तेव्हा हॉस्पिटलमध्ये मी नेलं, कारण श्रीकांतची गाडी बर्फात अडकली होती. बारशाला पाळणा आमचा. तो आजही त्यांच्या तळघरात आहे, परत आलेला नाही. आम्ही कोलंबसला आल्यापासून ते चार वेळा आमच्याकडे राहिले, आम्ही त्यांच्याकडे सहा वेळा. पहिल्या वेळी सई सात वर्षांची होती आणि तिच्या हातात रॅकेट नव्हे, भोवरा होता."

एवढं पुरे का? दिवाळीच्या फराळाची देवाणघेवाणही लिहू का? तिथे देणंघेणं विचारलंय म्हणून.

मंजिरी, बुधवार, सकाळी ७:३०

भोवरा लिहू नका, उगाच दुसऱ्या खेळाचा रिक्रूट समजतील.

तालमीचं काय ठरलं?

प्रशांत, बुधवार, सकाळी ८:१०

उत्तर येईपर्यंत एक, कल्पनासाठी आणि बाकीच्यांसाठीही. आपल्याकडे डिव्हिजन थ्री म्हटलं की लोक थर्ड क्लास समजतात. आमचा मुलगा कोलंबसजवळच्याच एका लहान कॉलेजात पोहला. त्या भागात केनियन कॉलेजच्या मुलांनी पोहण्यात १९८० पासून २०१० पर्यंत सलग ३१ वेळा डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, आणि २०११ ला ते मोडलं ते शेजारच्याच डेनिसनने. खेळाची शिष्यवृत्ती तिथे नसते, पण अभ्यासावरची मदत भरपूर मिळू शकते. अकरावीच्या १ जानेवारीपासून कॉलेजच्या खर्चाने ऑफिशियल व्हिजिट. आमचा एक रात्र संघातल्या मुलांच्या खोलीत झोपला आणि परत येताना म्हणाला, इथेच यायचंय, यांच्याकडे पण कोणी भांडी घासत नाही.

सईला ऑफिशियल व्हिजिट मिळाली तर लक्षात ठेवा: फार तर दोन रात्री, एका कॉलेजात साधारण एकदाच. पाच कॉलेजांची जुनी मर्यादा २०२३ ला गेली. त्याआधी एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरला नोंदणी आणि मार्कांचं ट्रान्सक्रिप्ट लागतं. तेव्हा हॉटेल ते देतील आणि ही सगळी महाभारतं होणार नाहीत. आणि शनिवारी रॅकेट नेली तरी कोच तिला खेळवून बघणार नाहीत. डिव्हिजन वन टेनिसमध्ये भेटीत ट्रायआउट नाही.

कल्पना, बुधवार, सकाळी ८:४०

धाकटा डिव्हिजन थ्रीला जाईल तेव्हा जाईल. भांडी तो आत्ताही घासत नाही.

नीलिमा, गुरुवार, दुपारी १:१५

उत्तर आलं! जुनी कौटुंबिक ओळख मान्य. शुक्रवारी रात्री राहायला आणि जेवायला हरकत नाही. (पाळण्याबद्दल त्यांनी वेगळं विचारलं, फोटो पाठवला.)

पण अटी. सुहासदादांची सीझन तिकिटं नाहीत. आमची तीन तिकिटं कोच गेटवर नावाने ठेवतील. कोर्टापर्यंत आम्ही आमच्या गाडीने. ओहायो स्टेटचा टी-शर्ट, टोपी, काहीही भेट नाही. आणि सर्वांत कठीण: सुहासदादांनी सईपुढे त्यांच्या कॉलेजची भलामण करायची नाही. एक शब्दही नाही.

मंजिरी, सई रविवारी येऊन तुझ्याकडे एकटी सराव करेल, चालेल का?

सुहास, गुरुवार, दुपारी १:२२

रात्रभर मी गप्प बसायचं? माझ्या घरात? दिवाणखान्यात झेंडा आहे, तो काढू का?

प्रशांत, गुरुवार, दुपारी १:३०

झेंडा आधीपासूनचा असेल तर राहू दे. बोलू नको.

मंजिरी, गुरुवार, दुपारी २:००

रविवारी चार वाजता. लेझीम स्वतःची आण, मंडळाच्या दोन हरवल्यात, त्या कोणाकडे आहेत मला माहीत आहे.

सुहास, गुरुवार, रात्री ९:१०

झेंडा काढला. पिठल्यात लसूण चालतो ना सगळ्यांना? आणि नीलिमा, येताना तो पाळणा घेऊन ये. आमच्या सुनेला आठवा लागलाय.