हौशी नाटकाचा प्रयोग आहे, प्रेक्षागृह कसं सांभाळायचं? (इंदूर)

सुदामानगरवाला

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाचा दोन अंकी प्रयोग आहे. रविवारी संध्याकाळी ७ ची वेळ, सुमारे ५०० खुर्च्यांचा हॉल, बाल्कनी नाही. बरेच पास सभासदांना आणि जाहिरातदारांना जाणार, थोडी तिकिटं दारावर. नाटकाची तालीम नीट चालली आहे, काळजी समोरच्या अंधाराची आहे. मोबाइल, उशिरा येणारे, रडणारी पोरं, शेवेची पाकिटं, उभं राहून व्हिडिओ काढणारे नातेवाईक. जॅमर भाड्याने मिळतो असं एकाने सुचवलंय. सूचना कडक शब्दांत द्यायची की गोड? दारावर किती माणसं लागतील? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

तिसरी_घंटा

जॅमरचा विचार आधी डोक्यातून काढा. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तो खाजगी माणसाला वापरता येत नाही, आणि परवानगी हौशी मंडळाला मिळणारी नाही. शिवाय हॉलमध्ये डॉक्टर बसलेले असतात, कुणाला चक्कर आली तर ॲम्ब्युलन्सही मोबाइलवरूनच बोलवावी लागते.

आता माणसं. ५०० खुर्च्यांना १२ ते १४ कार्यकर्ते धरा. प्रत्येक दारावर दोन, आत चार, बाकीचे फॉयर (हॉलबाहेरचं दालन) आणि चहाकडे. यांतला एकही नाटकात काम करणारा नको आणि एकालाही पहिल्या अंकात बसायला खुर्ची देऊ नका. खुर्ची मिळाली की तो कार्यकर्ता उरत नाही, प्रेक्षक होतो.

पहिली घंटा पावणेसातला, दुसरी ६.५५ ला, तिसरी ७ ला. तिसऱ्या घंटेनंतर थेट पहिलं वाक्य नको. सूचना, नांदी किंवा शीर्षकसंगीत मिळून तीन-चार मिनिटं ठेवा. शेवटची लाट त्यात बसून जाते. त्यानंतर आलेल्यांना पहिला काळोख (प्रसंग बदलताना दिवे जातात तो) होईपर्यंत दाराबाहेर थांबवायचं. तो काळोख कितव्या मिनिटाला येतो ते दिग्दर्शकाकडून लिहून घ्या आणि दारावरच्या माणसाच्या हातात चिठ्ठी द्या. आत सोडल्यावर त्यांना त्यांच्या नंबरच्या खुर्चीकडे नेऊ नका. मागच्या दोन रांगा आधीपासून मोकळ्या ठेवा, तिथे बसवा. स्वतःच्या जागी मध्यंतरानंतर.

बॅटरी लहान घ्या, तोंडावर लाल जिलेटिनचे (रंगमंचाच्या दिव्यांना लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचे) दोन थर लावा. जिलेटिन नसेल तर पतंगाचा लाल कागद चालतो. प्रकाश पायरीवर, माणसाच्या तोंडावर नाही. मोबाइलच्या टॉर्चला सक्त मनाई, कारण तो पांढरा असतो आणि हात हलला की पाच रांगांवर फिरतो.

दारांकडे कुणाचं लक्ष जात नाही. बिजागऱ्यांना आदल्या दिवशी शिलाई मशीनचं तेल, कडीच्या पट्टीवर कापडाची घडी सुतळीने बांधून. दाराच्या आत हातभर अंतरावर दुसरा काळा पडदा टांगा, म्हणजे दार उघडलं तरी फॉयरचा उजेड आत पडत नाही. फॉयरमधले दारालगतचे दिवेही बंद. रंगमंचाशेजारची बाजूची दारं प्रवेशासाठी बंद ठेवायची, पण कुलूप कधीही लावायचं नाही. ती आपत्कालीन वाट आहे, तिथे माणूस उभा करा.

विंगेतून

वरचं सगळं मान्य, आवाज-प्रकाशाच्या बाजूने भर घालतो.

‘मोबाइल सायलेंटवर ठेवा’ ही सूचना अर्धवट आहे. बऱ्याच फोनांत सायलेंट असतानाही अलार्म वाजतो. आपल्या प्रेक्षकांत साठीपुढचे पुष्कळ, त्यांच्या गोळ्यांचे अलार्म रात्री ८ ला नाहीतर ९ ला लावलेले असतात, म्हणजे बरोबर प्रयोग चालू असताना. म्हणून सूचनेत ‘फोन पूर्ण बंद करा, औषधाचा अलार्म असेल तर तोही’ असं स्पष्ट सांगा. व्हायब्रेटवरचा फोन खुर्चीच्या लाकडी हातावर ठेवला तर तीन रांगांना ऐकू जातो. मनगटावरचं घड्याळ हात वर केला की पेटतं, तेही सांगा.

सूचना दिवे चालू असतानाच द्यायची आणि मग २० सेकंद गप्प राहायचं. फोन बंद करायला तेवढा वेळ लागतोच. काळोख करून सूचना दिली की लोक काळोखात पिशव्या चाचपतात. स्वर गोड ठेवा. नाटकातल्याच एखाद्या पात्राच्या तोंडी दिली तर लोक कान देतात, फक्त कथानक फोडू नका. आणि तीच सूचना मध्यंतर संपताना पुन्हा. मध्यंतरात सगळ्यांनी फोन चालू केलेले असतात, म्हणून दुसरा अंक जास्त वाजतो. बहुतेक मंडळं ही दुसरी सूचना विसरतात.

पाकिटांबद्दल. रंगमंचाच्या कडेला फूटमाइक लावणार असाल तर ते एका दिशेने ऐकणारे घ्या आणि पाठ प्रेक्षकांकडे करा. तरीही पहिल्या दोन रांगांतली कुरकुर थोडी येतेच. प्लॅस्टिकचा आवाज उंच पट्टीतला असतो, तो संवादाच्या वरून कापत जातो. त्यामुळे ज्या बाजूला प्रसंग चालू नाही तिथल्या माइकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) ऑपरेटरने खाली ठेवावा. अख्खा अंक सगळे माइक उघडे ठेवून बसणारा ऑपरेटर असेल तर आधीच बोलून घ्या.

फ्लॅश का नको, हेही लोकांना सांगायला हरकत नाही. डोळ्यांना काळोखाची पूर्ण सवय व्हायला २० मिनिटांहून जास्त लागतात, आणि ती एका झोतात जाते. काळोखात लेव्हलवरून (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यावरून) उतरणारा नट रेडियमच्या पट्टीच्या आधाराने पाय टाकतो. नेमका तेव्हा फ्लॅश पडला तर पट्टी दिसेनाशी होते आणि पाय मुरगळतो. फोटोची हौस मारू नका, तिला जागा द्या. ‘प्रयोग संपल्यावर सगळे कलाकार पाच मिनिटं फोटोसाठी थांबतील’ असं सुरुवातीलाच जाहीर करा. नातेवाईकांचे फोन निम्मे तिथेच खिशात जातात. मंडळाचं स्वतःचं चित्रीकरण असेल तर कॅमेरा शेवटच्या रांगेमागे, स्क्रीनचा उजेड कमी करून. लेखकाकडून प्रयोगाची परवानगी घेतली म्हणजे चित्रीकरणाचीही मिळाली असं नसतं, ती वेगळी विचारा.

मधली_रांग

सगळा दोष प्रेक्षकांवर टाकण्याआधी एक बघा. हॉलमधली निम्मी कुजबुज ‘काय म्हणाला तो?’ अशी असते. संवाद पोचत नसले की लोक बोलतात. रंगीत तालमीला दोन माणसं सोळाव्या रांगेत बसवा आणि त्यांना प्रत्येक वाक्य कळतंय का ते विचारा. भरलेला हॉल आवाज शोषतो, त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये जेमतेम ऐकू येणारं वाक्य प्रयोगाला हरवतंच. ज्येष्ठांना तिसऱ्या ते सातव्या रांगेत, कडेच्या खुर्च्या द्या. उठायचं झालं तर दहा गुडघे ओलांडावे लागत नाहीत.

आणि प्रत्येक आवाज म्हणजे बेशिस्त नव्हे. आपलं इंदूर उस्ताद अमीर खाँचं गाव. मैफलीत ‘क्या बात है’ म्हणणारा कान इथे पिढ्यान्‌पिढ्या तयार झालाय, तोच माणूस नाटकालाही येतो आणि चांगल्या वाक्याला दाद देतो. संगीत नाटकात तर ‘वन्स मोर’ ही रीतच होती. ती दाद दाबू नका, नटांना थांबायला शिकवा. हशा चढून उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. चढताना टाकलं तर वाया जातं, पूर्ण विरल्यावर टाकलं तर लय पडते.

मुलांबद्दल मी कडक आहे. पासवरच छापा, ‘५ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही’. दारावर सांगितलं की भांडण होतं, पासवर वाचलं की लोक आजीला घरी ठेवून येतात (म्हणजे आजीचं नाटक बुडतं, ते वेगळंच दुखणं). जमत असेल तर एखाद्या ग्रीनरूममध्ये सतरंजी, रंगकांड्या आणि दोन जबाबदार कार्यकर्त्या ठेवा. टीव्ही नको, त्याचा आवाज विंगेत येतो.

मध्यंतर १० मिनिटांचं जाहीर करता आणि २५ चं होतं, कारण चहा. साधा हिशोब आहे. पैसे घेऊन, यूपीआय वाजेपर्यंत थांबून एक कप द्यायला २० सेकंद लागतात, म्हणजे १५ मिनिटांत ४५ कप. तोच कप आधी भरून ठेवला आणि कूपन घेऊन दिला तर ५ सेकंद, म्हणजे १८०. तेव्हा कूपनं नाटकाआधी विका, टेबलं दोन लावा आणि मध्यंतर सरळ १५ मिनिटांचं सांगा. बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग लांब असते, कलाकारांकडचं एखादं त्यांना मोकळं करता येतं का पाहा. पोहे, कचोरी काय ठेवायचं ते ठेवा, पण कागदी द्रोणात, आणि आत काही न्यायचं नाही. दाराशी ओल्या-सुक्याच्या दोन टोपल्या हव्यात, हे इंदूरकरांना वेगळं सांगायला नको.

तिसरी_घंटा

ताईंचं कूपनाचं गणित चोख आहे. एक मुद्दा राहिला, सत्कार. आपल्याकडे प्रयोग उशिरा सुरू होतो तो प्रेक्षकांमुळे कमी आणि दीपप्रज्वलनामुळे जास्त. ७ ची वेळ देऊन ७.३५ ला पडदा उघडला की पुढच्या वेळी लोक हिशोबाने ७.३० लाच येतात, मग त्यांना उशिराचे म्हणायचं तोंड आपल्याला उरत नाही. सानंदकडे (इंदूरमधली मराठी नाटकं लावणारी संस्था) एकच नाटक वेगवेगळ्या गटांसाठी लागोपाठ लावतात, तिथे एक प्रयोग रेंगाळला तर पुढचा कोलमडेल, म्हणून वेळ पाळावीच लागते. तुमचा एकच प्रयोग असला तरी हॉलची वेळ संपली की जादा भाडं लागतंच. सत्कार शेवटी करा. मध्यंतरात केलात तर लोक भाषण सोडून चहाला जातात आणि पाहुणे रिकाम्या खुर्च्यांशी बोलतात.

जाहिरातदारांना पहिल्या रांगेच्या मधोमध बसवू नका. ते उशिरा येतात, फोन घेतात आणि नटाच्या बरोबर डोळ्यांसमोर असतात. तिसरी रांग, दाराकडची बाजू. दुसऱ्या घंटेपर्यंत आले नाहीत तर त्या खुर्च्या इतरांना, आणि हे त्यांना पास देतानाच सांगायचं.

सुदामानगरवाला

सगळ्यांचे आभार, खूपच कामाचं मिळालं. एकच शंका. एवढं करूनही ऐन प्रसंगात फोन वाजलाच, तर नटाने काय करावं? प्रयोग थांबवावा का?

विंगेतून

२०१९ मध्ये सुमीत राघवन यांनी नाशिकला मोबाइलपायी प्रयोग थांबवला होता, तेव्हा यावर बरीच चर्चा झाली. त्यांच्यासारख्या नटाला तो अधिकार आहे. हौशी संचाने सहसा थांबवू नये, कारण तुटलेला प्रसंग पुन्हा उभा करणं सरावाचं काम आहे. नटाने वाक्य पूर्ण करून पात्रातच थांबायचं, फोनवाल्याकडे पाहायचं नाही. आतला कार्यकर्ता त्या रांगेच्या टोकाशी जाऊन उभा राहतो, बहुधा तेवढं पुरतं. आवाज बंद झाला की आधीच्या वाक्यापासून पुन्हा उचलायचं. तोच माणूस फोनवर बोलायलाच लागला तर त्याला वाकून बाहेर यायची विनंती करायची, रांगेत वाद नको. आणि खरोखर पडदा पाडायचा प्रसंग आलाच, तर तो निर्णय रंगमंच व्यवस्थापकाचा. पाच नटांनी पाच वेगळे निर्णय घेतले तर प्रेक्षकांना तो नाटकाचाच भाग वाटतो. तालमीत एकदा मुद्दाम फोन वाजवून बघा, कुणाची नजर समोर जाते ते लगेच कळेल.