एक आकडा बदलला की डिफमध्ये (जुन्या-नव्या मजकुराच्या तुलनेत) अख्खा परिच्छेद लाल का होतो?

प्रश्न:
१४० पानांचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल आम्ही चौघं मिळून लिहितो. पूर्वी वर्डची फाइल मेलवरून फिरायची. एकदा सहकाऱ्याने दोन दिवस खपून केलेल्या दुरुस्त्या माझ्या हातून जुन्या प्रतीखाली गाडल्या गेल्या. ते फार लागलं मनाला. म्हणून सगळं मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा वापरून लिहिलेल्या मजकूर-फाइलमध्ये, आणून गिटवर टाकलं; गिट प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं. आता कोणी पोर्ट ८०८०चं ८४४३ केलं तरी पूर्ण परिच्छेद लाल-हिरवा दिसतो आणि तपासणारा न वाचताच मंजूर करतो. दुसरं साधन घ्यावं का?

उत्तर १:
साधन राहू द्या, ओळी तोडा. गिट ओळीला ओळ लावून तुलना करतं आणि तुमचा परिच्छेद त्याच्या लेखी एकच लांबलचक ओळ आहे. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा. मध्ये रिकामी ओळ नसेल तर तयार पानावर वाक्यं एकाच परिच्छेदात जुळतात, वाचकाला काही कळत नाही. संगणकतज्ज्ञ ब्रायन कर्निहन यांनी युनिक्स या संगणक प्रणालीच्या नवशिक्यांना हाच सल्ला १९७४ मध्ये दिला होता. आमच्याकडे या एका सवयीने जेवढे वाद मिटले, तेवढे कुठल्याही विकतच्या सॉफ्टवेअरने मिटले नाहीत.

ओळी तोडण्याचा कमिट (गिटमधली बदलांची एक नोंद) मात्र स्वतंत्र ठेवा, त्यात एक शब्दही बदलू नका. आणि दोघांनी लागून असलेली वाक्यं बदलली तर कॉन्फ्लिक्ट, म्हणजे गिटला आपणहून जोडता न येणारे बदल, तरीही येईल, हे धरून चाला. जुना मजकूर तपासायला गिट डिफचा शब्दाला शब्द लावून तुलना करणारा वर्ड-डिफ पर्याय वापरा.

उत्तर २:
लिहिणाऱ्यांचं यात भागतं. पण आमचे इंजिनिअर गिट उघडत नाहीत आणि खऱ्या चुका तर त्यांनाच सापडतात! त्यांना मी एकेक प्रकरण गूगल डॉक्समध्ये सजेस्टिंग मोडवर (जिथे प्रत्येक बदल सूचना म्हणून दिसतो) देते आणि मान्य झालेलं स्वतः गिटमध्ये आणते. ते प्रकरण तिकडे असेपर्यंत गिटमध्ये कोणी हात लावायचा नाही, हा नियम कडक पाळा.

प्रश्नकर्ता:
काल एक प्रकरण तोडून पाहिलं. पोर्ट बदलला, एकच ओळ लाल! शिवाय फायरवॉलचं एक वाक्य इतकं लांब निघालं की त्यात तीन सूचना कोंबलेल्या होत्या. ते आधी कुणालाच दिसलं नव्हतं. तक्त्यांचं काय करता? एक रकाना रुंदावला की सगळा तक्ता बदललेला दिसतो.

उत्तर १:
रकाने स्पेस देऊन जुळवू नका, मार्कडाउनला त्याची गरज नसते. आधीच जुळवलेल्या तक्त्यांसाठी डिफमध्ये स्पेसकडे दुर्लक्ष करणारा पर्याय लावा.