'अफॉर्डन्स'ला मराठीत काय म्हणावे?

पर्वतीपायथा
पुण्यातील एका डिझाइन महाविद्यालयासाठी इंटरॅक्शन डिझाइनची (माणूस वस्तू वा यंत्र कसे हाताळतो, त्याच्या रचनेची) टिपणे मराठीत करीत आहे आणि 'अफॉर्डन्स' या शब्दापाशी काम अडले आहे. हा शब्द मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी घडवला आणि १९७९च्या ग्रंथात सविस्तर मांडला. वस्तू आणि तिच्यासमोरचा प्राणी यांच्या नात्यातून कृतीची जी शक्यता उभी राहते, ती अफॉर्डन्स. गुडघ्याइतक्या उंचीचा भक्कम कट्टा मोठ्या माणसाला बसण्याजोगा असतो, रांगत्या मुलाला नसतो. म्हणजे हा गुण एकट्या कट्ट्याचाही नाही आणि एकट्या माणसाचाही नाही. 'सोय', 'सुलभता' आणि 'उपयोगिता' हे तिन्ही शब्द सहकाऱ्यांनी नाकारले, कारण त्यांत हे नाते उरत नाही. कोणता शब्द योग्य ठरेल?

सदाशिवपेठकर
'आवाहकता' घ्यावा. गेस्टाल्ट परंपरेतील, म्हणजे सुट्या भागांऐवजी एकसंध मांडणी दिसते असे मानणाऱ्या मानसशास्त्रातील, कुर्ट कोफ्का म्हणत की फळ 'मला खा' असे सांगते आणि पाणी 'मला पी' असे सांगते. गिब्सन यांची कल्पना याच मुळापासून वाढली. अमेरिकेतील स्मिथ कॉलेजात दोघे काही वर्षे सहकारीही होते. आमच्या वाड्याच्या दाराला बाहेरून पितळी कडी होती आणि आतून गुळगुळीत फळी. कडी दिसली की ओढायची आणि फळी दिसली की ढकलायची, हे पाहुण्यालाही सांगावे लागत नसे. कडी हाताला आवाहन करते, एवढा साधा अर्थ आहे. शब्द नवा वाटेल, पण सावरकरांचा 'महापौर'ही एके काळी नवाच होता आणि आज महानगरपालिकेत दुसरा शब्द कोणाला सुचतही नाही.

रेखाटन
आदरपूर्वक असहमती नोंदवतो. गिब्सन कोफ्कांपासून वेगळे होतात ते नेमके याच मुद्द्यावर. कोफ्कांचे आवाहन पाहणाऱ्याच्या गरजेनुसार कमीजास्त होते. तहान भागली की पाणी बोलावीनासे होते. गिब्सन यांच्या मते पाणी तेव्हाही पिण्याजोगेच असते, मग तहान असो वा नसो. 'आवाहकता' म्हटले की हा फरकच पुसला जातो.

शिवाय हा शब्द डिझाइनच्या वर्गात आला तो डिझाइनचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांच्या १९८८च्या पुस्तकामुळे, आणि तिथे त्याचा रोख दिसण्याकडे वळला. पुढे गोंधळ इतका वाढला की कृती कुठे करायची हे दाखवणाऱ्या खुणेसाठी नॉर्मन यांनी 'सिग्निफायर' हा वेगळा शब्द पुढे आणला. एका बँकेच्या यंत्रावर 'पुढे' हा शब्द चौकट नाही, सावली नाही, अशा कोऱ्या पांढऱ्या पडद्यावर लिहिलेला मी पाहिला. माझ्यापुढचे आजोबा त्याच्या वरच्या ठळक मथळ्यावर बोट दाबत राहिले. 'पुढे' दाबण्याजोगा होता, अफॉर्डन्स पूर्ण होता. नव्हती ती फक्त खूण. हा भेद ज्या शब्दाने टिकेल तो घ्यावा, नाहीतर सरळ 'अफॉर्डन्स'च लिहावे. विद्यार्थी तेच बोलतात.

लेखणी
'वाव' का नको? 'संशयाला वाव आहे', 'गैरवापराला वाव आहे' असे आपण रोज म्हणतो. गिब्सन यांचा अफॉर्डन्स हिताचा तसा अहिताचाही असतो, कड्याची धार पडण्याचीही शक्यता देते. आणि 'वाव' हा शब्द दोन्ही बाजूंना चालतो. त्याला गरजेचीही अट नाही. मला तर तो संस्कृत 'व्याम' पासून आला असावा असे वाटते. व्याम म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर, आणि कोकणात पाण्याची खोली अजून वावांत सांगतात. शरीराच्या मापातून आलेला शब्द शरीर आणि वस्तू यांच्या नात्याला द्यावा, याहून चांगले काय?

सदाशिवपेठकर
मापाचा 'वाव' आणि अवकाशाचा 'वाव' एकच आहेत हे आधी सिद्ध करावे लागेल. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. आणि 'कट्ट्यावर बसायला वाव आहे' म्हटले की पुणेकर 'जागा रिकामी आहे' असाच अर्थ घेईल.

टिपणांत 'गेस्टाल्ट'ही तसाच ठेवणार का? तिथे 'व्यूह' हा उत्तम शब्द उपलब्ध आहे. त्याच परंपरेतील माक्स वर्टहायमर यांनी १९२३मध्ये दाखवले की जवळजवळचे किंवा सारखे दिसणारे ठिपके डोळा आपोआप एका गटात बांधतो. मांडणीला 'व्यूह' म्हणण्यात काय अडचण आहे?

रेखाटन
व्यूह कोणीतरी हेतुपूर्वक रचतो. वर्टहायमर यांचे गट पाहणाऱ्याला न ठरवता दिसतात. चक्रव्यूहाची आठवण मनात घेऊन विद्यार्थी या विषयाकडे वळला, तर मूळ मुद्दाच उलटा समजेल.

मोडीवाचक
या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या लिपीतच आहे. शिरोरेखा अक्षरांना जोडते, म्हणून 'पाऊस' एक शब्द दिसतो. जोडलेल्या गोष्टी डोळा एकच मानतो, हे तत्त्व मानसशास्त्रज्ञ स्टीफन पामर आणि आयर्विन रॉक यांनी १९९४मध्ये स्वतंत्रपणे मांडले. मोडीत मात्र आधी पानभर आडवी रेघ ओढत आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जात, शब्दांमध्ये अंतर न सोडता. पेशवे दफ्तरातील कागद वाचायला बसले की पहिले काही दिवस सगळी ओळ एकच लांब शब्द भासते, कारण रेघ सगळ्यांना बांधून टाकते आणि शब्द डोळ्याने नव्हे, अर्थाने तोडावे लागतात. व्यूह म्हणा वा गेस्टाल्ट म्हणा, विद्यार्थ्यांना हे पान दाखवावे.

लेखणी
पण मग लिहिणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने ती रेघ सोयीचीच होती ना? लेखणी कमीत कमी उचलावी यासाठी मोडीची वळणे बनली, असे आम्हाला शिकवले होते.

मोडीवाचक
लिहिणाऱ्याची सोय आणि वाचणाऱ्याची सोय एक नसते. सरावलेल्या कारकुनाला शब्दांमधल्या अंतराची गरज भासत नसे, कारण कागद वाचणाराही त्याच्यासारखाच सरावलेला असे. आज टाइपातल्या देवनागरीत अंतर असूनही 'आले आहे' आणि 'आलेआहे' यांवर वाद होतात, ते मात्र मला अनाकलनीय वाटते.

सदाशिवपेठकर
त्यात अनाकलनीय काही नाही. शब्दयोगी अव्यय जोडायचे आणि सहायक क्रियापद तोडायचे, हा नियम आहे. लोक नियम वाचत नाहीत, एवढेच.

रेखाटन
लोक नियम वाचत नाहीत म्हणूनच मांडणी नीट असावी लागते. 'टिचकी मारा' असे लिहिलेल्या संकेतस्थळांवरही हेच दिसते. माऊसच्या कळीला टिचकी हा शब्द कसाबसा बसला, पण काचेच्या पडद्यावर नख उडवून टिचकी कोण मारतो?

सदाशिवपेठकर
'टिचकी' वर वेगळा धागा काढावा. तिथे मी सविस्तर लिहीन, कारण 'क्लिक' ला तो शब्द मला आजही योग्य वाटतो.