एक्सप्रेस लेनमध्ये ६५ नेच चालवणं हा आडमुठेपणा आहे का?

हेवर्डवासी
रोज सकाळी पावणेसातला कॅलिफोर्नियातल्या हेवर्डहून निघते. फ्रीवे ८८० ने दक्षिणेला, मिलपिटसला उतरायचं. बरोबर ऑफिसातल्या दोघी असतात, म्हणून गाडीतल्या टोलयंत्राची, फास्टट्रॅकची कळ ३ वर (म्हणजे गाडीत तिघं) आणि टोल माफ. बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि एक्सप्रेस लेन ही अगदी डावीकडची लेन. सोमवार ते शुक्रवार पहाटे ५ ते रात्री ८ या वेळात तिघं असाल तर फुकट, दोघं असाल तर अर्धा टोल, एकटे असाल तर पूर्ण. गर्दी वाढली की टोलही वाढतो. काही ठिकाणी बाजूला तुटक रेघ असते, तिथून आतबाहेर करता येतं. काही ठिकाणी दुहेरी पांढरी रेघ असते आणि ती ओलांडणं बेकायदा आहे.

वेगमर्यादा ताशी ६५ मैल, म्हणजे साधारण १०५ किलोमीटर. मी ६५ वर क्रूझ कंट्रोल लावते.

गेल्या मंगळवारी एक पिकअप ट्रक मागे चिकटला. आरशात नुसते दिवे. त्याची नंबरप्लेट माझ्या डिकीच्या काठाखाली गेलेली, दिसतच नव्हती. आम्ही दुहेरी रेघेच्या पट्ट्यात होतो, सरकणार कुठे? दोन मिनिटं त्याने दिवे मारले, मग दुहेरी रेघ कापून उजवीकडे गेला, पुढे आला आणि माझ्यासमोर ब्रेक दाबला. माझाही पाय ब्रेकवर गेला. मागच्या सीटवरचा स्टीलचा डबा उडून माझ्या सीटखाली आला, आमटी पायाशी.

हात थरथरत होते. आणि त्यात शेजारची मैत्रीण म्हणाली, "तूच थोडं दाबायचं ना गं, सगळे ७५ नेच जातात इथे." ते माझ्या मनातून जात नाही. मी कायदा पाळत होते आणि माझ्याच गाडीत मी चुकीची ठरले. मला मनापासून वाटतं की माझं बरोबर आहे. ज्यांना तसं वाटत नाही त्यांनी नीट कारण सांगावं.

सनोलची टेकडी
ताई, त्या ट्रकवाल्याने केलं ते गुन्हाच आहे, त्यावर वाद नाही. पण तुमच्या मैत्रिणीचं मला पटतं.

मी २२ वर्षं या भागात गाडी चालवतोय. हायवेवर सुरक्षित वेग म्हणजे आजूबाजूच्या गाड्यांचा वेग. सगळे ७५ ने जात असताना तुम्ही ६५ ला राहिलात तर मागच्या प्रत्येकाला तुमच्यापाशी येऊन ब्रेक लावावा लागतो. त्यातला एखादा फोनकडे बघत असतो. शिवाय कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचं कलम २१६५४ बघा: वाहतुकीच्या सर्वसाधारण वेगापेक्षा हळू जाणाऱ्याने उजव्या लेनमध्ये राहायचं. मागच्याने दिवे मारून इशारा दिला की जागा द्यायची, असं २१७५३ सांगतं. म्हणजे तुम्हीही पूर्ण कायद्यात नाही.

आणि ही एकच लेन आहे. तुम्ही ६५ ठरवलंत की मागच्या चाळीस जणांसाठीही तुम्हीच ठरवलंत. त्यांतले काही पूर्ण टोल भरून आलेले असतात.

कलमवाचक
सनोलची टेकडी, २१६५४ अर्धंच वाचलंत. त्याची सुरुवात 'प्रथमदर्शनी' वेगमर्यादा काहीही असल्या तरी, अशी आहे. 'प्रथमदर्शनी' म्हणजे शाळेजवळ, वस्तीत वगैरे असतात त्या २५ सारख्या मर्यादा, ज्यांच्याबद्दल कोर्टात 'परिस्थितीनुसार तो वेग सुरक्षित होता' असं मांडता येतं. फ्रीवेचे ६५ वेगळ्या कलमात आहेत, २२३४९ मध्ये, आणि ती 'कमाल' मर्यादा आहे. तिथे परिस्थितीचा मुद्दा चालत नाही. डावी लेन अडवू नये हे बरोबर. पण ६५ ने जाणाऱ्याने ७५ करावेत, असं कुठलंच कलम सांगत नाही. फार तर 'सरक' म्हणतं. आणि दुहेरी रेघेत सरकायला कायद्यानेच बंदी आहे. त्या पट्ट्यात ताईंसमोर कायदेशीर मार्ग एकच होता, तो त्यांनी धरला.

रात्रपाळी
मी नर्स आहे. रात्रपाळी संपवून सकाळी उलट दिशेने, उत्तरेला जाते. एकटीच असते, पूर्ण टोल भरते. महिन्याला बरेच पैसे जातात. ते का भरते? कारण बारा तास उभं राहिल्यावर त्या रस्त्यावर आणखी पाऊण तास डोळे उघडे ठेवणं मला झेपत नाही. मला लवकर घरी पोचायचं असतं, आणि पुढची गाडी ६५ वर अडून बसली की मला रडू येतं, खरं सांगते. समोर अर्धा मैल रिकामा रस्ता दिसत असतो. हेवर्डवासी, तुमच्याशी माझं भांडण नाही. पण मागच्या गाडीत कोण असतं याचाही विचार व्हावा.

हेवर्डवासी
रात्रपाळी, तुमचं वाचून वाईट वाटलं. मी मागच्या गाडीला नेहमी 'घाई झालेला कुणीतरी' असंच समजत आले. पण झोपेने डोळे मिटत असताना ८० चा वेग तुमच्यासाठी तरी बरा का, असं काळजीने विचारते.

डिस्कब्रेक
ब्रेकवर काम करणारा माणूस आहे, म्हणून या धाग्यात अजून न आलेलं लिहितो.

सगळे एक्सप्रेस लेनमधल्या गाड्यांच्या वेगातल्या फरकाबद्दल बोलताय. खरा फरक शेजारच्या लेनशी असतो. सकाळी साडेसातला फ्रीमाँटच्या आसपास उजवीकडची लेन १०-१५ ने सरपटत असते आणि डावीकडे तुम्ही. मध्ये फक्त रंगाची रेघ. त्या रांगेत कंटाळलेला कुणीतरी आरसा न बघता चाक फिरवतो आणि १५ च्या वेगाने तुमच्या पुढ्यात येतो. तुमच्या डाव्या हाताला काँक्रीटची भिंत आणि बऱ्याच ठिकाणी जेमतेम शोल्डर, म्हणजे कडेची मोकळी पट्टी. चुकवायला जागा नाही, फक्त ब्रेक.

६५ ला गाडी सेकंदाला २९ मीटर जाते, ८० ला जवळजवळ ३६. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक-दीड सेकंद त्यात गेला. पुढचं ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे ६५ च्या तुलनेत ८० ला दीडपट. माझ्यासमोर असा एक जण आला होता तेव्हा मी ६० ला होतो. त्याच्या मागच्या काचेवरचा बाळाच्या सीटचा पिवळा स्टिकर मी वाचला, इतक्या जवळ थांबलो. ८० ला असतो तर थांबलो नसतो.

आणि वाचतं किती? १५ मैलांना ६५ ने पावणेचौदा मिनिटं, ८० ने सव्वाअकरा. अडीच मिनिटं.

सनोलची टेकडी
डिस्कब्रेक, शेजारची लेन तुंबलेली असताना हळू जावं हे शंभर टक्के मान्य. तेव्हा मीही ५० वर येतो. प्रश्न सगळ्या लेन मोकळ्या असतानाचा आहे. तिथे सरासरीपासून दूर जाणाराच धोक्यात असतो. १९६४ चा सॉलोमनचा अभ्यास हेच दाखवतो: सरासरीपेक्षा फार हळू आणि फार वेगात, दोन्हीकडे अपघात वाढतात.

डिस्कब्रेक
तो अभ्यास ग्रामीण महामार्गांवरचा आहे. तिथे वळायला थांबणाऱ्या, रस्त्यावर नुकत्या येणाऱ्या गाड्याही 'हळू' मध्ये मोजल्या गेल्या, ही त्याच्यावरची जुनी टीका आहे. ६५ वर स्थिर चालणारी गाडी त्यात बसवू नका. आणि सगळ्या लेन मोकळ्या असतील तर घाई असलेल्याने उजवीकडून जावं. एक्सप्रेस लेनच का हवी?

कोथरूड ते खारघर
पुण्याहून लिहितोय. आठवड्यातून तीनदा एक्सप्रेसवेने जाऊन येऊन करतो. आमच्याकडे कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा, घाटात त्याहून कमी. एक्सप्रेस लेन असा प्रकार नाही, एका दिशेला तीन लेन, उजवीकडची ओव्हरटेकसाठी. मी १०० ने उजव्या लेनला राहात नाही. ओव्हरटेक झाला की डावीकडे येतो, कारण ती लेन मुक्कामाला नाही. पण मधल्या लेनमध्ये ट्रक ओळीने चालले असतील तर दहा-दहा मिनिटं उजवीकडेच काढावी लागतात, आणि मागून अपर-डिपर सुरू होतो. तेव्हा १०० च्या वर काटा नेत नाही. तुमच्या दुहेरी रेघेचं काम आमच्याकडे ट्रकची रांग करते, म्हणून हेवर्डवासींचं दुखणं चांगलं कळतं.

एक विचारायचंय. टोल भरणाऱ्याला तुमच्याकडे वेगाचं काही वचन असतं का?

कलमवाचक
असतं, आणि ते इथे यायलाच हवं होतं. केंद्राच्या कायद्याप्रमाणे अशा लेनचा सरासरी वेग गर्दीच्या वेळात, १८० दिवसांच्या काळात ९० टक्के वेळा तरी ४५ मैलांच्या खाली जाता कामा नये. गेला तर ती लेन 'खालावलेली' धरतात आणि सुधारणा करावी लागते. टोल कमीजास्त होतो तो लेन मोकळी ठेवण्यासाठीच. म्हणजे वचन ४५ चं आहे. ६५ ने जाणारी ताई कुणाच्याही टोलमधला एक सेंट बुडवत नाही.

रात्रपाळी
४५? हे मला खरंच माहीत नव्हतं. मी इतके दिवस ८० चे पैसे भरतेय असंच धरून चालले होते.

मुलीचा बाबा
माझी लेक सोळाची झाली, परमिटवर शिकतेय. सर्वसाधारण वेग म्हणून तिला काय सांगू? पाटीवर ६५, पुस्तकात ६५, शेजारून सगळे ८०. तिने विचारलं, "बाबा, मग पाटी कशासाठी?" मी त्या दिवसापासून ६५ ने चालवतो. तिच्याशेजारी बसून दुसरं काही करणं मला जमत नाही. मागे रांग लागते, मान्य आहे, मलाही अवघडल्यासारखं होतं.

सनोलची टेकडी
मुलीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तरी अनुभवाचं सांगतो, माणसं चिडतात, आणि चिडलेला माणूस उजवीकडून घुसतो. ताईंच्या बाबतीत तेच झालं. त्याचा दोष त्याचाच, पण ताईंनी आधीच्या तुटक रेघेच्या पट्ट्यात त्याला वाट दिली असती तर डबा सांडला नसता. तेवढं तरी त्यांनी करावं.

हेवर्डवासी
हे टोचलं, कारण खरं आहे. तुटक रेघेचा पट्टा जवळजवळ मैलभर होता आणि उजवीकडे जागा होती. मी सरकले नाही. माझं बरोबर आहे या भरात आरशात बघणंच सोडलं होतं.

मी ६५ च्या वर जाणार नाही, ते ठरलंय. उजवीकडची लेन तुंबलेली असेल तर ५० वर येईन, मग मागे कोणीही असो. पण तुटक रेघ असेल, उजवीकडची लेन चालती असेल आणि मागे गाडी असेल तर बाहेर पडून तिला जाऊ देईन. मैत्रिणीलाही सांगितलंय. ती म्हणाली, "मी मागे लक्ष ठेवते, तू पुढे बघ." मंगळवारपासून आमचं बोलणं जरा तुटक होतं, ते काल पुन्हा सुरू झालं.

सनोलची टेकडी
६५ मला अजूनही कमी वाटतात. पण पांढऱ्या गाडीत तिघी दिसल्या तर अंतर ठेवेन आणि दिवे एकदाच मारेन.

हेवर्डवासी
एकदा पुरे. गाडी निळी आहे.