सल्ला हवा आहे: कॉम्प्युटरच्या विद्यार्थिनीसाठी शिष्यवृत्ती, इंटर्नशिप आणि पुढे नोकरी (पुणे)

झुळूक_बार्शी
नमस्कार मंडळी. मी बार्शी तालुक्यातली. पॉलिटेक्निक करून यंदा कॅप राउंडमधून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) थेट दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला पुण्यात प्रवेश घेतलाय. धनकवडीत तिघी मिळून एका खोलीत राहतो. घरी तीन एकर कोरडवाहू, प्रवर्ग ओबीसी. फीचं कसंबसं जमलं, पण खोलीभाडं आणि मेस महिन्याच्या शेवटी अंगावर येतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. माझ्यासारखीला या वर्षी कोणकोणत्या शिष्यवृत्त्या मिळू शकतात? उन्हाळ्यात पगारी इंटर्नशिप मिळवायची तर आत्तापासून काय करावं? आणि तिसरी जरा घाईची. कर्वे रोडवरच्या एका क्लासमधून रोज फोन येतोय. पंचेचाळीस हजार भरायचे, तीन महिने 'लाइव्ह प्रोजेक्ट इंटर्नशिप', मग सर्टिफिकेट आणि शंभर टक्के प्लेसमेंट. रविवारपर्यंत सीट पक्की करा म्हणतात. वडील आत्याकडून उसने घेऊन पाठवतो म्हणालेत. घेऊ का?

माझी रूममेट बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिच्यासाठीही काही असेल तर सांगा.

पानशेतकर
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नको. वडिलांना आजच फोन करून थांबव. इंटर्नशिपमध्ये काम तू करणार, तर पैसे तुला मिळायला हवेत. जो तुझ्याकडून पैसे घेतो तो शिकवणी चालवतो, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो. शिकवणी वाईट असते असं नाही, पण तिची किंमत शिकवणी म्हणूनच करावी. आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' हे कुणाच्याच हातात नसतं.

कृष्णाकाठ
पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात बरीच वर्षं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे शैक्षणिक वर्ष 2024-25 पासून राज्य शासनाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. तुझा कॅपमधूनच आहे. 'फीचं कसंबसं जमलं' असं लिहिलंयस म्हणून विचारतो, महाडीबीटीवर (राज्य शासनाचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) अर्ज भरलायस ना? कॉलेजने शिक्षण शुल्क घेतलं असेल तर पावती घेऊन शिष्यवृत्तीच्या खिडकीवर जा आणि लेखी विचार. वसतिगृह, मेस यात येत नाही.

दुसरं, एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची अखिल भारतीय परिषद) प्रगती शिष्यवृत्ती. फक्त मुलींसाठी, वर्षाला 50,000 रुपये, उत्पन्न मर्यादा 8 लाख, एका कुटुंबातल्या जास्तीत जास्त दोन मुलींना. नवीन अर्ज पहिल्या वर्षाच्या मुलींना करता येतो, किंवा डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना. म्हणजे तुझ्यासाठी हेच वर्ष. तिसऱ्या वर्षाला गेल्यावर 'मला माहीतच नव्हतं' म्हणत येणाऱ्या मुली दरवर्षी बघतो, फार वाईट वाटतं. एक मात्र आहे, दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत असताना प्रगती घेता येत नाही. तुझ्या कॉलेजचं शिक्षण शुल्क किती आणि प्रगतीचे मिळणार किती, हे कागदावर मांड, तुमच्या शिष्यवृत्ती विभागाला विचार आणि मगच ठरव. खाजगी कॉलेजची फी मोठी असेल तर बहुतेक वेळा फीमाफीच भारी पडते.

खोलीभाड्यासाठी: शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. ती इतर मागास बहुजन कल्याण विभागाची. हाच धागा वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आणि खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता.

खाजगीत, पुण्यातली लीला पूनावाला फाउंडेशन. 1995 पासून फक्त मुलींसाठी काम करते, गुण आणि घरची परिस्थिती दोन्ही बघते. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगला आलेल्या मुलींनाही घेतात.

आता कागद. अर्ज अडतात ते गुणांमुळे नाही, कागदांमुळे. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर दोन्ही 31 मार्चनंतरही चालतात की नाही ते तारीख बघून घे. जातवैधता हाताशी ठेव. आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो बँक खात्याचा. शिष्यवृत्ती अर्जात लिहिलेल्या खात्यावर येत नाही, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जाते. गावाकडे कधीतरी काढलेलं जनधन खातं आधारला जोडलेलं असतं, पासबुक हरवलेलं असतं, आणि पोरगी इकडे पुण्यातल्या खात्याचं स्टेटमेंट रोज बघत बसते. बँकेत जाऊन 'एनपीसीआय सीडिंग कोणत्या खात्याला आहे' एवढं एकच वाक्य विचार. गौरी-गणपतीला घरी जाशील तेव्हा सुट्ट्यांच्या आधी एक दिवस पोच, तहसील आणि सेतूची कामं त्या दिवशी उरक.

झुळूक_बार्शी
काका, मनापासून आभार. महाडीबीटीचा अर्ज भरलाय पण स्टेटस 'कॉलेज लॉगिनला प्रलंबित' दाखवतंय. प्रगतीबद्दल खरंच माहीत नव्हतं. क्लासला नाही म्हणून सांगितलं.

कृष्णाकाठ
प्रलंबित म्हणजे आमच्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावर आहे. दर आठवड्याला लॉगिन करून बघ. त्रुटी काढून अर्ज परत पाठवला तर मोबाईलवर मेसेज येईलच याचा भरवसा धरू नकोस, आणि दुरुस्तीची मुदत निघून गेली तर वर्ष गेलं.

टर्मिनलप्रेमी
बाणेरला एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. इंटर्नशिपबद्दल लिहितो.

दुसऱ्या वर्षाला मोठ्या कंपन्यांच्या मागे धावण्यापेक्षा जिथे काम बघून निवड होते तिथे जा. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प त्यासाठी फार चांगला. त्यांच्या फेलोशिपला स्क्रीनिंग टास्क देतात, तो सोडवून पाठवायचा. कॉलेज कोणतं हे आडवं येत नाही. पायथन, सायलॅब, ईसिम, ऑसडॅग अशा मुक्त सॉफ्टवेअरवर (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) काम असतं.

गूगल समर ऑफ कोड, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थांसाठी कोड लिहिण्याचा गूगलचा उपक्रम, 2005 पासून चालू आहे. वय 18 पूर्ण हवं. साधारण फेब्रुवारीत निवडलेल्या संस्थांची यादी लागते, मार्च-एप्रिलमध्ये प्रस्ताव द्यायचा असतो. प्रकल्प 90, 175 किंवा 350 तासांचे. यादी लागल्यावर जागं होऊन चालत नाही. मागच्या वर्षांच्या याद्या उघड्या आहेत, त्यातल्या बऱ्याच संस्था पुन्हा येतात. त्यातली एक आत्ता निवड. आउटरीची हीसुद्धा घरबसल्या करायची तीन महिन्यांची इंटर्नशिप, 7,000 डॉलर मिळतात, वर्षातून दोनदा निघते आणि तंत्रक्षेत्रात ज्यांना संधी कमी मिळतात त्यांच्यासाठीच आहे. तिच्या पहिल्या अर्जात स्वतःच्या परिस्थितीबद्दल निबंधवजा उत्तरं लिहायची असतात. तू वर जे लिहिलंयस ना, तसंच सरळ लिही.

आता सुरुवात कशी करायची ते. समजा तू एक पायथनची लायब्ररी निवडलीस. पहिले आठ-दहा दिवस कोड लिहायचाच नाही. रेपो (प्रकल्पाच्या कोडचा साठा) क्लोन कर, म्हणजे लॅपटॉपवर उतरव, त्यांच्या सूचनांप्रमाणे बिल्ड कर, टेस्ट चालव. हमखास काहीतरी अडेल. कुठलं तरी पॅकेज जुनं, कुठला तरी मार्ग चुकीचा. ते कसं सुटलं ते वहीत लिहून ठेव, कारण सूचनांमध्ये ती पायरी नसेल तर तोच तुझा पहिला बदल, आणि अशा बदलाला कुणी नाही म्हणत नाही. मग इश्यूंच्या (नोंदवलेल्या अडचणींच्या) यादीत नवख्यांसाठी खूण केलेला एक बग घे. तो आधी तुझ्या लॅपटॉपवर घडवून दाखव. तो बग पकडणारी, म्हणजे आत्ता नापास होणारी, टेस्ट लिही. मग दुरुस्ती कर. टेस्ट पास झाली की पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती. त्यावर दहा शेरे येतील, स्पेस इथे नको, नाव बदला, हे आधीच अमुक फंक्शनमध्ये आहे. प्रत्येक शेऱ्याला उत्तर दे, रुसू नकोस. तीन महिने असं केलंस तर प्रस्ताव लिहिताना मेंटॉर तुला नावाने ओळखत असेल, आणि निवडीत त्याचं वजन फार असतं.

एकटीने करायचं नसेल तर पुण्यात माणसं आहेत. फॉस युनायटेडचा पुणे गट आणि पुणे लिनक्स युजर्स ग्रुप (प्लग) यांच्या भेटीगाठी होतात. विद्यार्थ्यांना कुणी हटकत नाही. पहिल्या वेळी नुसतं ऐकून ये.

झुळूक_बार्शी
दादा, माझा लॅपटॉप जुना आहे, 4 जीबी रॅमचा. आणि इंग्रजी लिहिताना फार वेळ लागतो. चालेल का?

टर्मिनलप्रेमी
चालेल. हलकं लिनक्स टाक (झुबुंटू किंवा लुबुंटू), ब्राउझरच्या टॅब कमी ठेव. फक्त भलामोठा सी++ प्रकल्प घेऊ नकोस, कंपाइल होता होता संध्याकाळ होईल. पायथन किंवा जावास्क्रिप्टचा लहान प्रकल्प घे. इंग्रजीचं म्हणशील तर जगभरातले अर्धे लोक तिथे मोडकंच लिहितात. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, ही तीन वाक्यं स्पष्ट आली की पुरे.

शुभदा_खराडी
मी फ्रेशर्सच्या मुलाखती घेते. वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, फक्त नोकरीच्या अंगाने थोडं.

रेझ्युमेवर आठ सर्टिफिकेटं आणि 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' असे शेकडो कागद येतात. मी सर्टिफिकेटांबद्दल एकही प्रश्न विचारत नाही. प्रकल्पातली एक टेबल उघडायला लावते आणि विचारते, इथे प्रायमरी की हीच का? या क्वेरीला इंडेक्स लावला तर काय बदलेल? दोघांनी एकाच क्षणी एकच पुस्तक घेतलं तर तुझ्या प्रोग्रॅमचं काय होईल? विकत आणलेल्या प्रकल्पाची मुलं इथे गप्प होतात. स्वतः केलेला अगदी साधा प्रकल्प असला तरी मुलगी सांगते, 'मॅडम, तिथे मला डेडलॉक आला होता, मी असं केलं.' तिथून मुलाखत गप्पांसारखी चालते.

त्यामुळे एकच प्रकल्प कर, पण खऱ्या माणसाच्या खऱ्या गरजेचा. तुमच्या मेसवालीचा महिन्याचा हिशेब ठेवणारं काहीतरी बनव आणि तिला ते वापरायला लाव. कुणी अर्ध्या महिन्यात सोडून गेलं, कुणी खाडे केले, कुणी पाहुणा आणला, हे सगळं त्या हिशेबात बसवताना डेटाबेस आपोआप शिकशील.

सोबत डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस आणि नेटवर्क हे चार विषय परीक्षेपुरते न करता नीट कर. गेटलाही (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) तेच लागतात. गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि त्यावर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिना 12,400 रुपये मिळतात. एनपीटीईलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, पैसे फक्त परीक्षेला बसायचं असेल तर. पंचेचाळीस हजारांत जे शिकवणार होते ते सगळं तिथे आहे.

कॉलेजातून टीम निघत असेल तर स्मार्ट इंडिया हॅकाथॉन कर. सहा जणांच्या टीममध्ये किमान एक मुलगी लागतेच, म्हणून पोरं विचारायला येतील. फक्त 'प्रेझेंटेशन तू कर' म्हणाले तर कोडमधला भाग मागून घे. हे मी फार कळकळीने सांगतेय.

निरांजन_०७
रूममेटसाठी. मी बीसीएस करून पुढे गेलेला आहे. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या पीजी-डॅक पदविकेसाठी लगेच सी-कॅटचा, म्हणजे तिच्या प्रवेश परीक्षेचा, क्लास लावू नका. त्याला इंजिनिअरिंगची पदवी, एमसीए किंवा एम.एस्सी. अशी पात्रता लागते, नुसत्या तीन वर्षांच्या बीसीएसवर प्रवेश होत नाही. बरीच मुलं फी भरून झाल्यावर पात्रता वाचतात.

तिच्यापुढे दोन सरळ रस्ते आहेत. एक, एमसीए किंवा एम.एस्सी. राज्याची एमसीए सीईटी आहे, एनआयटींसाठी निमसेट आहे. विद्यापीठाच्या आवारातला संगणकशास्त्र विभाग माझ्या मते पुण्यातला सगळ्यात कसदार. तिथल्या प्रवेश परीक्षेत घोकंपट्टी उपयोगी पडत नाही, सी आणि गणित पक्कं लागतं. दुसरा रस्ता नोकरी करत शिकण्याचा. विप्रोची डब्ल्यूआयएलपी योजना बीसीए-बीएस्सीवाल्यांसाठीच आहे, नोकरी आणि सोबत कंपनीच्या खर्चाने एम.टेक. घरून पैशांचा आधार नसेल तर मी दुसरा सुचवेन. करारातली मुदत आणि मध्येच सोडल्यास भरायची रक्कम मात्र सही करण्याआधी वाचायची.

पंतप्रधान इंटर्नशिप योजनेबद्दलही विचारतील. ती 21 ते 24 वयाच्या, पूर्णवेळ शिकत नसलेल्या आणि पूर्णवेळ नोकरीत नसलेल्या मुलांसाठी आहे. शेवटचं वर्ष चालू असताना अर्ज करू नये.

झुळूक_बार्शी
सगळ्यांचे आभार. रूममेटने सी-कॅटचा क्लास थांबवला. आता क्लासवाल्यांचा नवा निरोप आलाय, 'आधी ऑफर लेटर देतो, मग पाच हजार डिपॉझिट भरा, मूळ मार्कशीट जमा करा.' कंपनीचं नाव वेगळंच आहे. मैत्रीण म्हणते, लेटर मिळतंय तर घे.

पानशेतकर
मूळ मार्कशीट कुणालाही द्यायची नाही, झेरॉक्सवर सही करून द्यायची. कंपनीचं नाव कॉर्पोरेट कार्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोध, नोंदणी आहे का आणि पत्ता कुठला ते तिथे फुकट दिसतं. ऑफर जीमेलवरून आली असेल तर तिथेच विषय संपला. मैत्रिणीने पैसे आधीच भरले असतील आणि फसवणूक वाटत असेल तर 1930 वर लगेच फोन करायचा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

कृष्णाकाठ
आणि प्रगतीचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आहे, महाडीबीटीवर नाही. तिथे आधी एकदाच करायची नोंदणी, म्हणजे ओटीआर, करावी लागते आणि त्यात मोबाईलवर चेहरा दाखवून आधार पडताळणी होते. ती सकाळी लवकर कर, दुपारी साइट फार मंद चालते. अर्ज भरला की प्रिंट घेऊन त्याच दिवशी कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याकडे दे. त्यांनी त्यांच्या लॉगिनमधून पडताळणी केली नाही तर अर्ज पुढे सरकत नाही. शेवटच्या तारखेला येऊ नकोस, त्या दिवशी खिडकीवर रांग जिन्यापर्यंत असते.